उघडलेली वाईन आणि लोणच्याची बरणी

गेल्या मे महिन्यात पुण्याला मावशीकडे गेले होते. मावसभावाने नाशिकहून आणलेली शिराझ या लाल वाईनची बाटली ओट्यावर, गॅसच्या शेजारी उभी होती. अर्धी भरलेली, बूच घट्ट बसवलेलं. "दहा दिवस झाले गं. चौघांनी एक-एक ग्लास घेतला आणि उरली. एवढी महागाची वस्तू टाकवत नाही. बघ बरं, चांगली आहे का," मावशी म्हणाली. मी ग्लासात थोडी ओतली. जांभळट लाल रंग जाऊन विटकरी छटा आली होती. ग्लास नाकाशी नेला तर आधी नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा झणका आला आणि त्याच्यामागून व्हिनेगर.

"पण मी बूच तर अगदी दाबून लावलं होतं!"

मावशीचं चुकलं नव्हतं, बूच खरंच घट्ट होतं. पण हवा बाहेर अडवायची असते म्हणून आपण बूच लावतो, आणि अर्ध्या बाटलीत हवा आधीच आत शिरून बसलेली असते. मावशीने तिला वाईनसोबत दहा दिवस कोंडून ठेवलं होतं.

गंमत अशी, की यावरचा उपाय मावशी चाळीस वर्षं करत आली आहे, फक्त वाईनवर नाही. कैरीचं लोणचं घातलं की फोडींवर चार बोटं तेल उभं राहिलंच पाहिजे, हा तिचा नेम. आणि मोठी बरणी अर्ध्यावर आली की लोणचं लहान बरणीत काढायचं, मोठीत "पोकळी" ठेवायची नाही, हा दुसरा नेम. उरलेली वाईन टिकवायचं सगळं शास्त्र या दोन नेमांत आहे. इटलीत बुचांचा वापर सर्रास होण्याआधी वाईनच्या पोटाळ बाटल्यांत, त्या गवताने विणलेल्या फियास्कोंमध्ये, वर ऑलिव्ह तेलाचा थर ओतून ठेवत. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिला अजिबात नवल वाटलं नाही.

आता थोडा हिशेब करू, कारण आकडे पाहिले की बाटलीत काय चालतं ते डोळ्यांपुढे उभं राहतं. वाईनची नेहमीची बाटली ७५० मिलीची. अर्धी संपली की आत ३७५ मिली वाईन आणि ३७५ मिली हवा. हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे इथे ८० मिलीच्या आसपास. वजनात तो सुमारे १०० मिलिग्रॅम भरतो. हा झाला हल्ला करणारा. बचाव करणारा कोण? वाईन बाटलीत भरताना तिच्यात थोडा सल्फर डायऑक्साइड घातलेला असतो. लेबलवर सल्फाइट असा उल्लेख दिसतो तो याचाच. वाईन ताजी राहते ती मुख्यतः त्याच्या जोरावर. बाटलीतल्या वाईनमध्ये मोकळा, म्हणजे कामाला तयार असलेला सल्फर डायऑक्साइड लिटरमागे २५-३० मिलिग्रॅम धरला, तर अर्ध्या बाटलीत तो १० मिलिग्रॅम उरतो. एक मिलिग्रॅम ऑक्सिजनला आवरायला हा चारेक मिलिग्रॅम खर्ची पडतो. म्हणजे अडीच मिलिग्रॅम ऑक्सिजन आला की पहारेकरी संपले, आणि दारात उभा आहे शंभर मिलिग्रॅम. एकाला चाळीस.

सुदैवाने हा ऑक्सिजन एकदम आत शिरत नाही, वाईनच्या पृष्ठभागातून हळूहळू विरघळत जातो. म्हणून उरलेली वाईन दुसऱ्या दिवशी ठीक असते, कधी कधी तर बरीही लागते. तोंडाला कोरड पाडणारी दणकट लाल वाईन पहिल्या दिवशी आखडलेली वाटते आणि एक रात्र हवा खाल्ली की मऊ होते. तो त्याच ऑक्सिजनचा गुण. पण दुसऱ्या दिवशीचा हा उपकारकर्ता सातव्या दिवशी वैरी झालेला असतो.

आत होतं काय, तर दोन वेगळ्या गोष्टी, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या तर बाटली उघडल्यावर नाकानेच निकाल लावता येतो.

पहिली गोष्ट निव्वळ रसायनाची. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, म्हणून आपण फोडी लगेच पाण्यात टाकतो. वांग्यात जी पॉलिफेनॉल द्रव्यं हवेने काळवंडतात, त्यांचीच भावकी द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असते आणि तिथून वाईनमध्ये येते. वांग्यात हे काम एक विकर भराभर उरकतं. वाईनमध्ये ते लोह आणि तांब्याच्या अगदी सूक्ष्म अंशांच्या मदतीने सावकाश होतं. ऑक्सिजन या द्रव्यांना गाठतो, त्या झटापटीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो आणि तो वाईनमधल्या अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतो. याचा वास आपटून डाग पडलेल्या सफरचंदासारखा. पांढरी वाईन पिवळसर तपकिरी होते, लाल वाईन विटकरी होते, फळाचा गंध विझतो. वाईन "सपाट" लागते असं म्हणतात ते हेच.

दुसरी गोष्ट जिवंत आहे. अ‍ॅसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू, फळांवर, हवेत, भांड्यांवर सगळीकडे असतात. ते अल्कोहोल खातात आणि अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजेच व्हिनेगरचं आम्ल बनवतात. सोबत एथिल अ‍ॅसिटेट तयार होतं. नेलपॉलिशचा झणका त्याचा. या जिवाणूंना हवा लागतेच, हवेशिवाय त्यांची वाढ होत नाही. आणि त्यांना ऊब आवडते, २५ ते ३० अंश ही त्यांची चैन. पुण्याच्या मे महिन्यातला ओटा त्यांना मानवला नसता तरच नवल. अशी वाईन विषारी नसते, चुकून घोटभर पोटात गेली तर घाबरायचं कारण नाही. पण ती पिण्याची राहिलेली नसते.

या जिवाणूंचा छडा लुई पाश्चरने लावला, आणि वाईन बिघडण्याची तक्रारही त्याच्याकडेच आली. फ्रान्सची वाईन वाटेत आणि पिंपात बिघडत होती, व्यापार बसत होता. म्हणून १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने पाश्चरला यात लक्ष घालायला सांगितलं. पाश्चर ज्यूरा भागातल्या आर्बोआ गावात वाढलेला, द्राक्षांच्या गावचा माणूस. त्याने केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. काचेच्या नळ्यांमध्ये त्याने वाईन सीलबंद केली. काही नळ्या काठोकाठ भरलेल्या, काहींत वर हवा सोडलेली. भरलेल्या नळ्यांतली वाईन जशीच्या तशी राहिली, हवा असलेल्या नळ्यांत रंग बदलून गाळ बसला. मोठी बरणी आणि लहान बरणी, दुसरं काय!

हवेनंतरचा दुसरा शत्रू उष्णता, आणि आपल्याकडे तो पहिल्याच्या बरोबरीचा आहे. परदेशी पुस्तकांत "लाल वाईन खोलीच्या तापमानाला ठेवा" असं असतं. ती खोली युरोपातली, जुन्या दगडी घरातली, १६ ते १८ अंशांची. आपली खोली उन्हाळ्यात ३५ ला असते. रसायनशास्त्रात एक ढोबळ ठोकताळा आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. ओटा ३५ अंश, फ्रिज ५ अंश. फरक ३० चा, म्हणजे दुप्पट, चौपट, आठपट. मावशीच्या ओट्यावरचे दहा दिवस फ्रिजमधल्या ऐंशी दिवसांच्या तोलाचे झाले. थंड द्रवात ऑक्सिजन जरा जास्त विरघळतो हे खरं, पण आठपट मंदावलेल्या वेगापुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून उघडलेली वाईन पांढरी असो, गुलाबी असो की लाल, फ्रिजमध्येच जाते. लाल वाईन थंड प्यायची नसते म्हणून ती बाहेर ठेवणारी पुष्कळ घरं मी पाहिली आहेत. ठेवायचं तापमान आणि प्यायचं तापमान हे दोन वेगळे विषय आहेत. प्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढायची, उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

आता लहान बरणी. ३७५ मिलीच्या वाईनच्या बाटल्या आपल्याकडे मिळतात; एक विकत घेऊन प्यायची आणि बाटली जन्मभर जपायची. फिरकीचं झाकण असलेली असेल तर उत्तम. नसली तर घट्ट झाकणाची कुठलीही काचेची लहान बाटली चालते, फक्त तिला आधी लोणचं, तेल किंवा सरबताचा वास नको. साबणाने धुतली तर साबणाचा वास पूर्ण जाईतो गरम पाण्याने विसळायची आणि पालथी घालून कोरडी करायची.

आणि वेळ महत्त्वाची. रात्री सगळे उठल्यावर उरलेली वाईन बाटलीत भरणं हा अर्धाच उपाय, कारण तोवर ती तीन तास हवेत राहिलेली असते. चौघांत बाटली संपणार नाही हे उघडतानाच कळत असतं. मोठी बाटली उघडली की पहिली धार ग्लासात नाही, लहान बाटलीत. नरसाळं लावायचं, लहान बाटली तिरपी धरायची, धार काचेवरून आत उतरू द्यायची. फेस येऊन खळखळ झाली तर तिथेच हवा मिसळते. मानेत वर येईपर्यंत भरायची, झाकण लावताना एखादा थेंब बाहेर आला तरी चालेल. मग ताबडतोब फ्रिजमध्ये, उभी. अर्धवट भरलेली उभी बाटली घेतली तर वाईनचा हवेला लागणारा पृष्ठभाग ३५-४० चौरस सेंटीमीटर असतो. तीच आडवी ठेवली तर तो चौपटीच्या घरात जातो. मानेपर्यंत भरलेल्या लहान बाटलीत तो जेमतेम तीन चौरस सेंटीमीटर उरतो. या एका आकड्यात सगळं आलं.

मावशीला पटावं म्हणून मी नाशिकच्याच एका शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनवर प्रयोग करून पाहिला. निम्मी वाईन उघडल्या उघडल्या लहान बाटलीत, फ्रिजमध्ये. उरलेल्या निम्म्यातली अर्धी मूळ बाटलीत, तीही फ्रिजमध्ये. राहिलेली काचेच्या बरणीत झाकण लावून ओट्यावर. पाचव्या दिवशी तीन ग्लास ओळीने मांडले. ओट्यावरचीचा रंग कोऱ्या फिक्या चहासारखा झाला होता आणि वास डागाळलेल्या सफरचंदाचा. मावशीने तोंडाला लावून लगेच ठेवली. मूळ बाटलीतली पिण्याजोगी होती, पण उघडताना तिला पिकल्या पेरूचा जो वास होता तो गेला होता, नुसता आंबटपणा उरला होता. लहान बाटलीतली वाईन ओतली आणि पेरू पुन्हा खोलीत आला. मावशीने तो ग्लास उचलला आणि मला परत दिला नाही.

वाईन मूळ बाटलीतच ठेवायची झाली आणि फिरकीचं झाकण असेल, तर ते परत घट्ट फिरवायचं, एवढंच. बूच असेल तर जी बाजू वाईनकडे होती तीच पुन्हा आत घालायची. फुगलेलं बूच जात नाही म्हणून लोक ते उलटं घालतात. पण बाहेरच्या टोकावर धूळ आणि बुरशी बसलेली असू शकते.

दुकानात बाटलीतली हवा ओढून काढणारे पंप मिळतात, रबरी बूच आणि वर दट्ट्या. त्यांचं कौतुक पुष्कळ होतं, माझा मात्र त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. घरातल्या पंपाने पाऊण हवा काढली असं धरलं तरी शंभरातला पंचवीस मिलिग्रॅम ऑक्सिजन आत उरतो, आणि आपले पहारेकरी तर अडीचलाच थकतात. शिवाय रबरी बूच रात्रभरात पोकळी सोडत जातं, आणि हवा ओढताना वाईनचा सुगंधही थोडा ओढला जातो. एक-दोन दिवसांसाठी ठीक.

आर्गन वायूचं तसं नाही. आर्गन कोणाशी संयोग पावत नाही, हवेपेक्षा सुमारे चाळीस टक्के जड आहे, आणि आपण श्वासात घेतो त्या हवेतही तो एक टक्क्याच्या जवळपास असतोच. बाटलीत तो सोडला की हवा वर ढकलली जाते. याच्याच पुढची पायरी म्हणजे कोराविन. हे यंत्र वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या ग्रेग लॅम्ब्रेख्ट या अमेरिकी माणसाने बनवलं आणि २०१३ मध्ये ते बाजारात आलं. बारीक पोकळ सुई बुचातून आत जाते, आर्गन आत शिरतो, तेवढीच वाईन बाहेर येते आणि सुई काढल्यावर बूच आपोआप मिटतं. म्हणजे बाटली उघडलीच जात नाही. ज्यांच्याकडे जपून ठेवलेल्या महागड्या बाटल्या आहेत त्यांना हे शोभतं. आठवड्याला एक बाटली उघडणाऱ्या घरात नरसाळं आणि लहान बाटली पुरे.

खोक्यातल्या वाईनची युक्ती यापेक्षा साधी आणि मला वाटतं यापेक्षा हुशार. आत लवचीक पिशवी, खाली तोटी. वाईन बाहेर येते तशी पिशवी आक्रसते, हवेला जागाच मिळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या टॉम अँगव्ह यांनी १९६५ मध्ये अशा पिशवीचं पेटंट घेतलं. अशी वाईन उघडल्यावरही चार-सहा आठवडे टिकते.

बुडबुड्यांच्या वाईनचं दुखणं निराळं. तिथे आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणाऱ्या वायूची चिंता. शँपेनच्या बंद बाटलीत पाच-सहा वातावरणांएवढा दाब असतो. छत्रीसारखं बूच एकदा निघालं की परत बसत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी मानेला पकडणारं खास झाकण घ्यावं लागतं. ते फार महाग नसतं. थंडीत वायू द्रवात धरून राहतो, त्यामुळे ग्लास भरून झाला की बाटली लगेच बर्फात किंवा फ्रिजमध्ये. एक-दोन दिवसांत संपवायची. हिच्यावर तो पंप कधीच वापरू नये, बुडबुडेच ओढले जातात. मानेत चांदीचा चमचा उलटा अडकवला की बुडबुडे टिकतात अशी एक समजूत आहे. स्टॅनफर्डचे रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड झेअर यांनी १९९४ मध्ये ती तपासून पाहिली आणि चमच्याने काहीच फरक पडत नाही असं दिसलं.

मग किती दिवस? फ्रिजमध्ये मूळ बाटलीतच ठेवलेली पांढरी किंवा गुलाबी वाईन तीन ते पाच दिवस, लाल तितकीच, हलकी लाल असेल तर दोन-तीन. काठोकाठ भरलेल्या लहान बाटलीत मी दोन आठवडे बिनधास्त धरते. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन आठवडाभर सहज राहते.

गोव्याहून आणलेल्या "पोर्ट"बद्दल नेहमी विचारलं जातं. पोर्तुगालच्या पोर्टमध्ये आंबवण मध्येच थांबवायला द्राक्षाचं मद्य घालतात, त्यामुळे तिच्यात १९ ते २२ टक्के अल्कोहोल असतं. एवढ्या अल्कोहोलमध्ये अ‍ॅसिटोबॅक्टरचा निभाव लागत नाही, म्हणून पिंपात मुरलेली टॉनी पोर्ट उघडल्यावर महिनाभर चांगली राहते. आपल्याकडच्या बाटलीवर पोर्ट लिहिलं असेल तर आधी लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा बघा. तो १५ च्या खाली असेल तर ती गोड लाल वाईन समजून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.

काही वाईन मात्र हवेला भीतच नाहीत, कारण त्यांचं जे व्हायचं ते आधीच झालेलं असतं. मदेरा बेटावरची वाईन मुद्दाम उष्णतेत आणि हवेत मुरवतात. ती उघडून महिनोन्‌महिने कपाटात राहते. पाश्चरच्या ज्यूरा भागात पिवळी वाईन करतात. पिंप पूर्ण न भरता तिला किमान सहा वर्षं तीन महिने ठेवतात, वर यीस्टची साय धरते आणि तिच्याआडून वाईन हवा खात राहते. या वाईनला अक्रोडाचा आणि चक्क मेथीचा वास येतो, कारण सोटोलॉन नावाचा तोच रेणू मेथीच्या दाण्यातही असतो.

आणि नाकाने नको म्हटलेली वाईन? नुसती सपाट झाली असेल, सफरचंदावर थांबली असेल, तर स्वयंपाकात घ्या. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली तर मटणाच्या रश्श्यात किंवा टोमॅटोच्या सॉसमध्ये दोन खडे टाकायला हाताशी राहते. भरलेली बाटली मात्र फ्रीझरमध्ये नको, गोठताना वाईन फुगते आणि काच तडकते. व्हिनेगरचा झणका आलेली वाईन आपोआप चांगलं व्हिनेगर होत नाही. त्याला पसरट उघडं भांडं, वर पातळ फडकं आणि जिवंत विरजण लागतं. पोर्तुगीजांचा मांस मुरवण्याचा प्रकार वाईन आणि लसणाचा होता, 'व्हिन्या द आल्यूस'. गोव्यात त्या वाईनची जागा माडाच्या सुरेच्या व्हिनेगरने घेतली आणि त्याचं विंदालू झालं.

दिंडोरीकडे वाईनच्या द्राक्षांच्या बागा मी जवळून पाहिल्या आहेत. ऑक्टोबरच्या छाटणीपासून जानेवारी-मार्चच्या तोडणीपर्यंत एका गारपिटीचा धाक सगळ्या घराला असतो. त्या द्राक्षाची निम्मी बाटली ओट्यावर वाया गेली की मला खरोखर वाईट वाटतं, म्हणून एवढं लिहिलं.

परवा मावशीचा फोन आला. लहान बाटलीत तळाशी काचेचे कण दिसतायत, बाटलीचा टवका तर उडाला नसेल ना? मी तिला एक खडा जिभेवर ठेवायला सांगितला. आंबट लागला. ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक. फ्रिजच्या थंडीने वाईनमधून सुटे होऊन तळाशी बसतात. काहीही अपाय नाही. बाटली न हलवता सावकाश ओतायची आणि शेवटचा घोट तळाशी राहू द्यायचा.